इलेक्ट्रिक रेसिंगनं पेट्रोलची नक्कल करणं सोडावं

इलेक्ट्रिक रेसिंगचा विषय निघाला की पहिली तक्रार आवाजाची येते, आणि ती तक्रार खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्यांनी व्ही१०, म्हणजे दहा सिलिंडरच्या इंजिनांच्या काळात एफवन (फॉर्म्युला वन) बघायला सुरुवात केली त्यांच्या छातीत तो आवाज बसलाय आणि कुठल्याही मोटरच्या शिट्टीनं ती जागा भरून निघणार नाही. शिवाय तो नुसता गोंगाट नव्हता, त्यातून माहिती मिळायची, ड्रायव्हरनं गिअर कधी टाकला, कॉर्नरमधून बाहेर येताना थ्रॉटल किती लवकर दिला, मागची चाकं सुटली की काय, हे सगळं डोळे मिटून कळायचं. पण २०१४ मध्ये एफवननंच व्ही८ काढून १.६ लिटरचं टर्बो हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर, आणलं तेव्हाही हाच आरडाओरडा झाला होता, आता खेळ संपला म्हणून लोकांनी सांगून टाकलं होतं, आणि त्यानंतर २०२१ सारखा सीझन आपण सगळ्यांनी श्वास रोखून बघितला, तेव्हा आवाजाची आठवण किती जणांना आली? इलेक्ट्रिक गाड्यांची जागतिक सीरिज म्हणजे फॉर्म्युला ई, तिची रेस शांत नसते हेही सांगायला हवं. इंजिनाखाली जे दबून जायचं ते सगळं तिथे वर येतं, टायर ओरडतात, बॉडीवर्क बॉडीवर्कला घासतं, लॉक झालेलं चाक लांबून कळतं. तो वेगळा आवाज आहे, सवय लागते, काहींना नाही लागत, ठीक आहे. माझ्या मते ही तक्रार खरी असली तरी मुद्द्याची नाही.

मुद्द्याची तक्रार दुसरी आहे. हे लोक रेस करत नाहीत, बॅटरी वाचवतात, अशी. तिच्यावर मात्र नीट बोलायला हवं, कारण इलेक्ट्रिक रेसिंगचं काय होणार हे तिच्या उत्तरावर ठरणारे, आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते आयोजकच तिला सगळ्यात जास्त घाबरतात असं मला कायम वाटत आलंय.

आधी आकडे बघू. फॉर्म्युला ईच्या जेन३, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या गाडीला रेससाठी वापरता येणारी ऊर्जा मिळते ३८.५ किलोवॅट-अवर, म्हणजे आपल्या वीजबिलावरची साडेअडतीस युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-अवर ऊर्जा असते, म्हणजे हिशोब केला तर ही गाडी जेमतेम सव्वाचार-साडेचार लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा घेऊन सुरुवातीच्या रांगेत, म्हणजे ग्रिडवर उभी राहते आणि तेवढ्यावर जवळपास पाऊण तास रेस करते. आता रेसमधली नेहमीची पॉवर ३०० किलोवॅट धरा, सतत पूर्ण दाबून चालवली तर बॅटरी आठ मिनिटांच्या आत रिकामी होईल. आठ मिनिटांची ऊर्जा आणि पाऊण तासाची रेस, या दोन गोष्टींमधलं जे अंतर आहे ना तो सगळा खेळ आहे! ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी वापरून वीज परत बॅटरीत घालायची, ज्याला सगळे रीजन म्हणतात, त्यातून रेसमध्ये लागणाऱ्या ऊर्जेपैकी निदान ४० टक्के मिळते असं सीरिज सांगते, जेन३ मध्ये हे रीजन ६०० किलोवॅटपर्यंत जातं आणि मागची चाकं तर मोटरच्याच जोरावर थांबतात. म्हणजे ब्रेकिंग हेच तिथे इंधन भरणं आहे. जो ड्रायव्हर कॉर्नरच्या आधी नीट थांबतो तो नुसता वेळ वाचवत नाही, पुढच्या लॅपची सोय करतो. हे कौशल्य नाही असं ज्याला वाटतं त्यानं दोन टीममेटचे ऊर्जेचे आकडे एका रेसभर शेजारी ठेवून बघावेत.

आणि ऊर्जा वाचवणं हे काही विजेनं आणलेलं पाप नाहीये. एफवनमध्येच १९५९ ला सेब्रिंगला जॅक ब्रॅबॅमचं इंधन शेवटच्या लॅपला संपलं, गाडीतून उतरून ढकलत नेली त्यानं, चौथा आला आणि त्याच दिवशी वर्ल्ड चॅम्पियन झाला. १९८० च्या दशकातला टर्बोचा काळ तर आज सगळे सोन्याचा काळ म्हणून सांगतात, पण तेव्हा १९८४ पासून रेसमध्ये इंधन भरायला बंदी होती आणि २२० लिटरची मर्यादा होती, १९८६ ला ती १९५ वर आली. १९८५ च्या इमोलाला सेना आघाडीवर असताना शेवटच्या काही लॅप्समध्ये इंधन संपून थांबला, मग योहानसन पुढे आला तर त्याचंही संपलं, मग प्रोस्ट जिंकला तर त्याची गाडी वजनात कमी भरली म्हणून बाद झाला, आणि शेवटी विजय डी अँजेलिसच्या पदरात पडला. पुढच्या वर्षी हॉकेनहाइमला प्रोस्ट आणि रोझबर्ग दोघांच्या मॅक्लारेन शेवटच्या लॅपला कोरड्या पडल्या, प्रोस्ट खाली उतरून गाडी ढकलत होता. या रेस लोक आजही रंगवून सांगतात. प्रोस्टला प्रोफेसर म्हणायचे ते याच हिशोबीपणासाठी, आणि कौतुकानं म्हणायचे. मग तोच हिशोब बॅटरीचा झाला की तो रेसिंगचा अपमान कसा काय होतो, हे मला कुणीतरी नीट समजावून द्या.

फॉर्म्युला ईची मेक्सिको सिटीची रेस, फेब्रुवारी २०१९. महिंद्राचा पास्कल वेर्लाइन पोलवरून, म्हणजे ग्रिडवरच्या पहिल्या जागेवरून निघालेला आणि पूर्ण रेस पुढे होता, मागे लुकास डी ग्रासी ऑडीमध्ये. दोघांकडे शेवटाला ऊर्जा जवळपास शून्य. शेवटच्याच लॅपवर दोन्ही निसान गाड्यांची बॅटरी संपली, म्हणजे गणित इतकं टोकाला गेलं होतं की एक आख्खी टीम चुकली. वेर्लाइन बचाव करत करत शेवटच्या कॉर्नरमधून बाहेर आला आणि रेषा डोळ्यासमोर असताना त्याची गाडी मंदावली, डी ग्रासी बाजूनं निघाला आणि रेषेच्या काही मीटर आधी पुढे गेला, फरक सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा. ही रेस ज्यानं पूर्ण बघितली तो "बॅटरी वाचवतात म्हणून कंटाळा येतो" असं परत म्हणणार नाही, कारण तिथे बॅटरी हीच तर थरार होती. वेर्लाइननं बचाव करताना जी ऊर्जा जाळली तीच त्याला शेवटी कमी पडली. डी ग्रासीनं मागे राहून, त्याच्या आडोशाला राहून जी वाचवली तिच्यावर तो जिंकला.

आडोशाचं हे प्रकरण समजून घेतलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. पुढची गाडी हवा कापते, मागची त्या पोकळीत चालते, तिला कमी ऊर्जा लागते. पेट्रोलच्या गाड्यांनाही स्लिपस्ट्रीम मिळतो पण तिथे त्याचा उपयोग सरळ रस्त्यावर वेग मिळवायला, इथे त्याचा उपयोग पैसे साठवल्यासारखा, आत्ता वाचवा आणि नंतर खर्च करा. त्यामुळे पुढे असणं हे नेहमीच फायद्याचं नसतं आणि मागे असणं नेहमी तोट्याचं नसतं. फॉर्म्युला ईच्या २०२३ च्या मोनॅको रेसला निक कॅसिडी नवव्या नंबरवरून सुरू करून जिंकला. मोनॅकोला, जिथे ओव्हरटेक करता येत नाही हे आपण लहान मुलाला सुद्धा सांगतो! पुढच्याच वर्षी त्याच रस्त्यांवर एफवनची रेस झाली आणि पहिले दहा जण ज्या क्रमानं ग्रिडवर होते बरोबर त्याच क्रमानं संपले, इतिहासात पहिल्यांदा असं झालं. आता मला कुणी सांगेल की एफवनची गाडी तिथे एका लॅपला पंधरा सेकंदांहून जास्त वेगवान आहे. आहेच, नाकारतंय कोण. पण मी रेस बघायला बसलो की स्टॉपवॉच बघत नाही, दोन माणसं एका कॉर्नरसाठी भांडतायत की नाही ते बघतो.

आता उलट बाजू, आणि ती नीटच मांडायला पाहिजे, कारण चाहता म्हणून नुसतं कौतुक करत बसलो तर माझ्या बोलण्याला किंमत नाही. एप्रिल २०२१, वॅलेन्सिया. तेव्हा नियम असा होता की अपघातानंतर सगळ्यांना हळू ठेवायला पुढे येणाऱ्या सेफ्टी कारमागे गेलेल्या प्रत्येक मिनिटाला एक किलोवॅट-अवर याप्रमाणे ऊर्जा कापायची, आणि रेस ४५ मिनिटं अधिक एक लॅप. ओला ट्रॅक, परत परत सेफ्टी कार, परत परत कपात. शेवटच्या रीस्टार्टला पुढे असलेल्या दा कोस्टानं वेळ संपायच्या काही सेकंद आधी रेषा ओलांडली आणि सगळ्यांना न धरलेला एक लॅप जास्तीचा करावा लागला. तेवढी ऊर्जा बहुतेकांकडे नव्हतीच. जगातले उत्तम ड्रायव्हर शेवटच्या लॅपला रांगत होते, कुणी थांबलं, कुणी मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा वापरली म्हणून बाद झालं, निक डी व्रीस जिंकला. ज्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा फॉर्म्युला ई बघितली असेल तो परत आला नसेल. पण तिथे चूक विजेची नव्हती, नियमाची होती. रेस वेळेवर मोजायची आणि ऊर्जा वेगळ्या हिशोबानं कापायची, त्यामुळे शेवट कुठे आहे हेच कुणाला माहीत नाही, मग ड्रायव्हर हिशोब करणार कसला? नंतर त्यांनी हे सुधारलं, जेन३ पासून रेस ठराविक लॅप्सची असते आणि सेफ्टी कारमध्ये वेळ गेला तर लॅप्स वाढवतात. शेवट माहीत असला की काटकसर हे डावपेच होतात, शेवट माहीत नसला की ती लॉटरी.

दुसरं उदाहरण पोर्टलंड, २०२३. तिथे लांब सरळ रस्ते, त्यामुळे आडोशाचा फायदा इतका की पुढे जायलाच कुणी तयार नाही, सगळा घोळका सायकल रेससारखा एकमेकांना पुढे ढकलतोय. चारशेच्या वर ओव्हरटेक मोजले गेले आणि सीरिजनं तो आकडा अभिमानानं मिरवला. मला तो आकडा अजिबात आवडला नाही. जो ओव्हरटेक समोरचा स्वतःहून करू देतो तो ओव्हरटेक नाही, ती अदलाबदल आहे. ओव्हरटेकला किंमत येते ती अडवणारा असतो म्हणून. त्यामुळे ऊर्जेची मर्यादा हवी पण ट्रॅक असा हवा की पुढे असण्याचंही काहीतरी मोल राहील, घट्ट वळणं, भिंती, जागेची टंचाई. मोनॅकोला हे जमून येतं. म्हणूनच मला फॉर्म्युला ई शहराच्या रस्त्यांवर हवी असते, पोस्टकार्डासारखी दृश्यं दिसतात म्हणून नाही.

आता जरा आजूबाजूला बघा. जॅग्वारची आय-पेस ईट्रॉफी दोन सीझनमध्ये बंद. इलेक्ट्रिक टूरिंग कारची ईटीसीआर २०२१ ला सुरू झाली, २०२२ नंतर गायब. इलेक्ट्रिक बाइकची मोटोई २०१९ ला आली, पहिली रेस व्हायच्या आधीच हेरेसच्या टेस्टला आग लागून सगळ्या बाइक जळाल्या, तरी चिकाटीनं उभी राहिली, २०२३ पासून डुकाटीच्या बाइक आल्या, वर्ल्ड चॅम्पियनशिपचा दर्जा मिळाला, आणि २०२५ च्या सीझननंतर थांबवली. डांबर आणि माती असा मिश्र ट्रॅक असलेल्या वर्ल्ड रॅलिक्रॉसनं २०२२ ला वरचा वर्ग पूर्ण इलेक्ट्रिक केला, २०२३ ला लिडन हिलला आग लागली आणि सगळं कोलमडलं, नंतर पेट्रोलच्या गाड्या परत आणाव्या लागल्या. प्रत्येकाची कारणं वेगवेगळी आहेत, पैसा, स्पॉन्सर, नशीब, मला मान्य आहे. पण एक गोष्ट यातल्या बहुतेकांमध्ये मला सारखी दिसते. हे सगळे जण आधीपासून असलेला पेट्रोलचा खेळ घेऊन त्यातलं इंजिन काढून मोटर बसवत होते आणि प्रेक्षकाला सांगत होते की बघा, तसंच आहे. मोटोईची रेस सात-आठ लॅप्सची, त्याच वीकेंडला त्याच ट्रॅकवर पेट्रोल बाइकची मोटोजीपी. मग तुलना होणारच, आणि तुलनेत बॅटरी हरणारच, कारण वजन जास्त, अंतर कमी, आवाज नाही. जिथे मर्यादा लपवली जाते तिथे प्रेक्षकाला फक्त मर्यादाच दिसते.

फॉर्म्युला ई याच कारणामुळे जगली असं माझं ठाम मत आहे. १३ सप्टेंबर २०१४ ला बीजिंगला पहिली रेस झाली तेव्हा बॅटरी इतकी अपुरी होती की ड्रायव्हरला रेसच्या मधे पिटमध्ये येऊन पळत दुसऱ्या गाडीत बसावं लागायचं. किती हसले होते लोक त्यावर. पण सीरिजनं ते लपवलं नाही, गाडी बदलणं हाच रेसचा भाग केला, कधी यायचं, किती ऊर्जा उरलेली असताना यायचं, याचे डाव तयार झाले. चार सीझननंतर दुसऱ्या पिढीची जेन२ गाडी आली आणि एकाच गाडीत आख्खी रेस होऊ लागली, म्हणजे तंत्रज्ञान किती पुढे गेलं हे कुणी भाषण न देता सगळ्यांना दिसलं. मला ती पद्धत आवडते, आधी अडचण दाखवा, मग ती कशी सुटली ते ट्रॅकवर दाखवा.

आणि जिथे विजेचा स्वतःचा फायदा आहे तिथे तर ती कुणाची नक्कल करतच नाही. अमेरिकेतल्या पाइक्स पीकच्या डोंगर चढायच्या रेसचं उदाहरण घ्या. जवळपास २० किलोमीटर, १५६ वळणं, शेवट ४,३०० मीटरच्या उंचीवर. वर हवा विरळ, इंजिनाला ऑक्सिजन कमी पडतो आणि पॉवर घसरते, मोटरला हवेशी देणंघेणंच नाही. २०१८ ला रोमाँ द्यूमानं फोक्सवॅगनच्या आयडी आर मध्ये ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदात डोंगर चढला, सेबास्तियन लोबचा २०१३ चा ८ मिनिटं १३.८७८ चा विक्रम सोळा सेकंदांनी मोडला, आणि आठ मिनिटांच्या आत येणारी ती पहिलीच गाडी. हा इलेक्ट्रिक वर्गातला विक्रम नव्हता, सगळ्यांमधला होता. मुळात ताशी १०० किलोमीटरच्या वर गेलेली पहिली गाडी इलेक्ट्रिकच, १८९९ ला कामी येनात्झीची, त्यामुळे वीज रेसिंगमध्ये परकी आहे हे म्हणणंच चुकीचं आहे.

या सगळ्यात मला खटकतात ते सोंगं करण्याचे प्रकार. फॅनबूस्ट आठवतं? लोकांनी ऑनलाइन मतं द्यायची आणि ज्याला जास्त मतं त्याला रेसमध्ये जास्तीची पॉवर. खेळात लोकप्रियतेवर पॉवर देणं हे मला पहिल्या दिवसापासून अपमानास्पद वाटलं, ड्रायव्हरचाही आणि बघणाऱ्याचाही, आणि जेन३ आल्यावर ते काढलं हे फार बरं केलं. अटॅक मोडबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्यात जास्त पॉवर मिळवायला आधी रेसिंग लाइन सोडून बाहेरून जावं लागतं, वेळ जातो, जागा जाऊ शकते, म्हणजे मिळवायच्या आधी गमवायचं, आणि सगळ्यांना सारखीच संधी. जेन३ च्या सुधारित ईव्हो गाडीत तर अटॅक मोडला चारही चाकांना पॉवर मिळते, त्यामुळे तो कधी वापरायचा यावर रेस फिरते. हा कृत्रिम नियम आहे हे खरंय, पण एफवनमध्ये ओव्हरटेक सोपं व्हावं म्हणून मागचा पंख उघडणारं डीआरएस काय निसर्गातून आलं होतं? पिट बूस्ट, म्हणजे २०२५ ला जेद्दाहपासून सुरू झालेलं ३० सेकंदांचं ६०० किलोवॅटचं फास्ट चार्जिंग, त्यातून १० टक्के ऊर्जा मिळते, ते तांत्रिकदृष्ट्या जबरदस्त आहे, पण रेस म्हणून त्यानं फार काही दिलं नाही असं मला वाटतं, कारण सगळ्यांना ते घ्यावंच लागतं आणि सगळे जवळपास एकाच वेळी घेतात.

पर्यावरणाच्या मुद्द्यावर थोडक्यात बोलतो. गाड्या, माणसं, सामान विमानानं आणि जहाजानं जगभर फिरवणाऱ्या सीरिजनं आपण सुरुवातीपासून नेट झीरो आहोत असं सांगणं, ज्यात उरलेल्या उत्सर्जनाची भरपाई दुसरीकडचे प्रकल्प विकत घेऊन केली जाते, हे मला पटत नाही. फॉर्म्युला ईनं इतरांपेक्षा जास्त प्रयत्न केलेत हे खरंय, पण रेसिंग बघायचं कारण म्हणून पृथ्वी वाचवणं पुढे करू नये. कुणीही पुण्य मिळवायला रेस बघत नाही. उलट या प्रचारानं नुकसानच झालं, कार कंपन्या आल्या त्या जाहिरातीसाठी आणि जाहिरात झाली की निघाल्या. ऑडी आणि बीएमडब्ल्यू २०२१ ला गेल्या, मर्सिडीज लागोपाठ दोन वर्षं दोन्ही टायटल जिंकून २०२२ ला गेली. ट्रॅकचंही तसंच, पॅरिस गेलं, न्यूयॉर्क गेलं, रोम गेलं, हैदराबाद एकदाच होऊन गेलं. कुठल्या कॉर्नरला कोण कसं चुकलं होतं हे आठवायला तो कॉर्नर पुढच्या वर्षी तिथे असायला लागतो. इतिहास असाच बनतो, आणि फॉर्म्युला ईकडे सगळ्यात कमी काय असेल तर ते हे.

आता एफवनकडे येऊ, कारण नाकं मुरडणारे बहुतेक तिथलेच. २०२६ च्या नियमांनी एफवनची जवळपास निम्मी पॉवर विजेची झाली. इलेक्ट्रिक मोटर १२० किलोवॅटवरून ३५० वर गेली, एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज बनवणारं एमजीयू-एच काढून टाकलं. बॅटरीत वापरता येणारा साठा मात्र साधारण ४ मेगाज्यूलचाच, म्हणजे एका युनिटच्या थोडा वर. भागाकार करून बघा, पूर्ण ३५० किलोवॅटनं वापरली तर साडेअकरा सेकंदांत संपली. म्हणजे लॅपभर कुठे खर्च करायची, कुठे परत भरायची, सरळ रस्त्याच्या शेवटी पाय उचलायचा की नाही, हे सगळे प्रश्न जगातल्या सगळ्यात मोठ्या सीरिजच्या ड्रायव्हरसमोर आले. जे प्रश्न फॉर्म्युला ईच्या ड्रायव्हरनं विचारले तेव्हा त्यांना रेसिंग म्हणायला लोक तयार नव्हते, तेच. मी एफवनचा चाहता आहे आणि राहणार, त्यामुळे यात मला कुणावर विजय मिळवल्याचा आनंद नाहीये. पण बारा वर्षं या प्रश्नांवर काम केलेली माणसं शेजारीच होती, त्यांच्या चुकांमधून शिकता आलं असतं, वॅलेन्सियातून तर नक्कीच, आणि त्यांची रेस बघणाऱ्यांना दुय्यम समजणं तरी आता थांबायला हरकत नाही.

फॉर्म्युला ईकडून मला काय हवंय ते स्पष्ट सांगतो. सगळ्यात आधी प्रक्षेपण सुधारा. स्क्रीनवर ऊर्जेची टक्केवारी दाखवतात पण ती कोपऱ्यात बारीक, कधी असते कधी नसते, आणि कॉमेंट्री करणारे ओव्हरटेक झाला की ओरडतात पण तो ओव्हरटेक करणाऱ्याकडे समोरच्यापेक्षा दोन टक्के कमी ऊर्जा आहे आणि तो पाच लॅप्सनी याची किंमत मोजणार आहे हे सांगत नाहीत. तीच तर गोष्ट आहे. क्रिकेटमध्ये लागणारा रनरेट आणि हातातल्या विकेट न दाखवता चेस दाखवला तर नुसते फटकेच दिसतील, मॅच नाही दिसणार. नवा प्रेक्षक पळून जाईल या भीतीनं ऊर्जेचा हिशोब मागे ठेवतात, आणि मग त्याच प्रेक्षकाला कळत नाही की पहिला असलेला माणूस एकदम आठवा का झाला, म्हणून तो पळून जातो.

दुसरं जेन४ बद्दल. २०२६-२७ च्या सीझनला ती गाडी येतीय, ६०० किलोवॅटपर्यंत पॉवर, चारही चाकांना कायम ड्राइव्ह, कमी आणि जास्त डाउनफोर्सचे, म्हणजे हवेनं गाडी रस्त्यावर दाबायच्या जोराचे, दोन वेगळे एअरो पॅकेज. मला ती हवीये, कारण सध्याच्या गाडीचे कडक टायर आणि घसरणारं मागचं टोक बघून ड्रायव्हरची दया येते, आणि वेग वाढला तर हळू म्हणून हिणवणाऱ्यांचं तोंडही थोडं बंद होईल. पण वापरता येणारी ऊर्जा ५५ किलोवॅट-अवर आणि रेसमधली पॉवर ४५० किलोवॅट, म्हणजे पूर्ण दाबून चालवली तर पुन्हा साडेसात मिनिटांच्या आत बॅटरी रिकामी. हे प्रमाण जवळजवळ तेच राहिलंय आणि ते तसंच राहू द्यावं. लोक ओरडतात म्हणून उद्या रेस पंचवीस मिनिटांची करतील, किंवा प्रत्येक रेसला चार्जिंग घालून हिशोबाची गरजच काढून टाकतील, ही मला भीती आहे, आणि मग उरेल ती एफवनपेक्षा हळू, मोटोईसारखी छोटी आणि कुणालाच नको असलेली रेस. पॉवर वाढवा, टायर चांगले द्या, मोनॅकोसारखे ट्रॅक धरून ठेवा, पण बॅटरी अपुरीच असू द्या.